जाळी एक, खाट अरुंद

अहो, तुमच्या तेराव्याला मी भर सोप्यात, चार माणसांसमोर तोंड उघडलं. हे तुम्हांला वरती कुणी सांगितलं असेल तर ठीक. नसेल तर माझ्याकडूनच ऐका, कारण इथे जो तो तिखटमीठ लावून सांगतोय. उंब्रजच्या बाजारापर्यंत बातमी गेली म्हणे, की डासमास्तरची बायको नवऱ्याचं सुतक फिटतं न फिटतं तोच थोरल्या दिराला उलटून बोलली. उलटून नाही, मी सरळच बोलले. पण ते पुढं सांगते, आधी जरा तुमच्याजवळ बसू द्या. तुम्ही गेल्यापासून या घरात माझ्याशी सगळे बोलतात ते ‘जेव’, ‘ऊठ’, ‘पड जरा’ एवढंच. फार मऊ बोलतात. भांडायला कुणीच उरलेलं नाही.

तुम्ही फौजेतून आलात तो दिवस आठवतो? लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोवर तुम्ही गेलात ते लढाई संपेपर्यंत आसामच्या रानात. मी सांगलीच्या शाळामास्तरांची मुलगी, कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकलेली. इथे तुमच्या आईच्या हाताखाली भाकरी थापत, शेणी लावत तुमची वाट बघत राहिले. आणि तुम्ही दारात उभे राहिलात ते हळद लावल्यासारखे पिवळे. आत्याबाई भाकरतुकडा ओवाळून टाकायला पुढे झाल्या आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

“आरं माझ्या लेका, कावीळ झाली की रं तुला!”

“कावीळ न्हाई गं आये. हिवतापाच्या गोळ्या देत्यात फौजंत. त्यानं कातडं पिवळं पडतंय. जाईल.”

कोण ऐकतंय! दुसऱ्याच दिवशी कावीळ उतरवणारा आला. त्यानं चुन्याच्या पाण्यात तुमचे हात धुतले, पाणी पिवळं झालं, आणि सगळ्या घरानं सुटकेचा निःश्वास टाकला. पुढं गोळ्या थांबल्या तसा रंगही उतरला आणि त्याचं सगळं पुण्य त्या माणसाच्या पदरात पडलं. तुम्ही मात्र हसत होता. “आमच्या पलटणीच्या डाक्टरला ह्येच्याकडं धाडाय पायजे,” असं माझ्या कानाशी म्हणालात. इतक्या वर्षांनी तुम्ही मला उद्देशून बोललेलं ते पहिलं वाक्य होतं. मी ते जपून ठेवलंय.

मग तुमची ट्रंक उघडली. सगळ्यांना वाटलं, आत काय काय असेल. निघाली ती हिरवट रंगाची, घडी घातलेली जाळी. पलटणीत तुमच्याकडे डासांचं काम होतं: डबक्यांवर तेल मारायचं, छावणीतल्या जाळ्या तपासायच्या, कुणाची जाळी फाटली असेल तर त्याला झापायचं. घरी आल्यावर तुम्ही खाटेच्या चार पायांना चार काठ्या बांधल्या आणि ती जाळी ताणली. बघायला आळी गोळा झाली. जाऊबाई म्हणाल्या, “भावजी, ह्यो काय लग्नाचा मांडव घातलासा व्हय?” आत्याबाईंनी कापड बोटांत धरून बघितलं आणि त्यांना ते फार आवडलं. पुढच्या उन्हाळ्यात कुरडया घातल्या तेव्हा माश्या बसू नयेत म्हणून त्यांनी तीच जाळी माळवदावर कुरडयांवर पसरली. तुम्ही शेतातून आलात आणि काय तो अवतार! आईला एक शब्द बोलला नाहीत, पण जाळी झटकत, चिकाचे डाग खरवडत दुपारभर विहिरीवर बसलात. संध्याकाळी आत्याबाई म्हणाल्या, “एवढं काय बिघडलं हुतं? कापडच तर हाय.” तुम्ही म्हणालात, “आये, त्येला भोकं पडली तर त्ये नुसतं कापडच ऱ्हाईल.”

गावाचं तुमच्याशी कधी जमलंच नाही. म्हशी डुंबायच्या डबक्यावर तुम्ही रॉकेल शिंपडलंत तेव्हा तर माणसं काठ्या घेऊनच आली होती. मोटेच्या पाटाचं सांडपाणी अडवू नका, उसाच्या कडेला पाणी साचू देऊ नका, हे तुम्ही पारावर बसून सांगायचा आणि पारावरची माणसं एकमेकांकडे बघून मिशीत हसायची. डासमास्तर हे नाव तिथेच पडलं. तुम्हांला त्याचा राग नव्हता. मला होता. एकदा पाणवठ्यावर एका बाईनं मला ‘डासमास्तरीण’ म्हटलं तेव्हा मी तिची घागर लवंडून दिली. तेही तुम्हांला कधी सांगितलं नाही, आता सांगून टाकते.

सगळ्यात मोठा घोळ झाला तो जाळीत कुणी झोपायचं यावर. गोळ्या बंद झाल्यावर तुमचा ताप परत आला. पाऊसकाळ लागला की यायचा, हुडहुडी भरायची, चार गोधड्या घातल्या तरी खाट खडखडायची, मग घाम सुटून तुम्ही चिंब व्हायचा. पोटात डाव्या बाजूला सुजलेली पानथरी दगडासारखी हाताला लागायची. अशा दिवसांत तुम्ही सूर्य मावळायच्या आत जाळीत शिरायचा. थोरल्या भावजींना ते खुपायचं. “आमी उघड्यावर डास खातोय, आन् ह्यो सायब पडद्यात,” असं ते मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणायचे. त्यांना वाटे तुम्ही स्वतःला जपताय. खरं तर उलट होतं. तापकऱ्याला चावलेला डास चांगल्या माणसाला चावला की त्यालाही ताप, म्हणून आजारी माणसानं जाळीत जायचं, असं तुमचं म्हणणं. घरादाराला जपण्यासाठी तुम्ही आत जात होता. हे तुम्ही आल्या आल्या एकदा सांगितलंत, आणि पुन्हा म्हणून सांगितलं नाहीत. मी म्हणायची, “पुन्हा सांगा की त्यांना.” तुम्ही म्हणायचा, “येकदा सांगितलंय.” एवढा ताठा कशाला हो? चारदा सांगितलं असतं तर तोंड झिजलं नसतं.

पण भावजींचं राहू द्या. माझं काय? आपल्या वाट्याला आलेली ती आडसोप्यातली खोली, त्यात खाट, खाटेवर जाळी, जाळीत तुम्ही. आणि खाली घोंगडीवर मी, हातापायाला करंजेल चोपडलेली, त्या वासानं माझं मलाच नको व्हायचं. उन्हाळ्यात जाळी गुंडाळून खुंटीला लागायची, तेव्हा तुम्ही माझे असायचा. गप्पा मारायचा, मला ‘सांगली’ म्हणून हाक मारायचा. आभाळ भरून आलं की मला धस्स व्हायचं. सगळ्या बाया पावसाची वाट बघायच्या आणि मी मनातल्या मनात त्याला थोपवून धरायची. त्या हिरव्या कापडातून आतलं दिसायचं नाही. तुम्हांला मी दिसायची म्हणे. मी मात्र भिंतीशी बोलल्यासारखी बोलायची.

आपलं ते भांडण. पहिल्यांदा मी हसत हसतच विचारलं होतं, “आत डास शिरत नाही म्हणता ना? मग मी आत आले तर मला कोण चावणार?”

तुम्ही म्हणालात, “खाट अरुंद हाय. दोघं झोपलो की कुणाची तरी पाठ जाळीला टेकणार. डास भाईरनं सोंड घालतोय.”

“मी काय एवढी जाडी आहे? मधोमध मावेन की.”

“झोपंत मानूस लोळतंय.”

“मी नाही लोळत. एकदा करून तर बघू.”

“बघू.”

हे ‘बघू’ मी पुढच्या प्रत्येक पावसाळ्यात ऐकलं. तुम्ही आवाज चढवायचा नाही, मी चढवायची. एका पावसाळ्यात तर मी रागानं जाळीची कड ओढून काढली होती. तुम्ही हुडहुडी भरलेल्या हातांनी ती परत गादीखाली खोचलीत, आणि मला वाटलं, या माणसानं मला बाहेर ठेवून दाराला कडी घातली. आता स्पष्टच सांगते, कारण तुम्ही असताना बोलायला जीभ रेटली नाही. माझ्या मनात संशय होता. अरुंद खाटेचं तुम्ही निमित्त करताय, तुम्हांला मीच नको झालेय, असं मला वाटायचं. आपल्या घरात पाळणा हलला नाही. आत्याबाई देवाला नवस बोलायच्या आणि माझ्या पोटाकडे बघायच्या. जाऊबाईंची शेवंता माझ्याच मांडीवर वाढली, तरी शेजारणी विचारायच्या ते विचारायच्याच. लढाईत काय काय बघून आलेला माणूस, त्याचं मन कुठं उडालं असेल कुणी सांगावं, असं मी खाली पडल्या पडल्या स्वतःशी घोळवायची. तुम्ही वर, हाताच्या अंतरावर, आणि मला हात लावून विचारता यायचं नाही.

म्हणून सांगलीची ती खेप मला इतकी गोड लागते. माझ्या माहेरी गेलो होतो आणि तुम्ही स्वतःहून म्हणालात, चल, मोठ्या जाळीचं कापड बघू. कापडपेठ आपण पालथी घातली. कापडाला कंट्रोल, माणसं पहाटेपासून रांगेत. एका दुकानदारानं तुमच्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाला, “अहो, माणसांच्या अंगाला कापड मिळेना, आणि तुम्ही डासांना अडवायला कापड मागताय?” तुम्ही शांतपणे म्हणालात, “मिळालं तर ठेवून द्या. दोन माणसांच्या खाटेचं.” दोन माणसांच्या खाटेचं! मी तिकडे लुगड्यांच्या ढिगाकडे तोंड फिरवून उभी राहिले, कारण मला हसूही येत होतं आणि लाजही. परतताना सर्व्हिस मोटारीत, कऱ्हाडच्या अलीकडे कुठंतरी, तुम्ही म्हणालात, “मोठी जाळी मिळाली की...” आणि मोटार खड्ड्यातून उसळली, पुढच्या बाईची कोंबडी ओरडायला लागली, आणि तुमचं वाक्य तिथेच राहिलं. मी विचारलं नाही. वाटलं, सांगाल कधीतरी.

सकाळी ताप उतरलेला असला की तुम्ही जाळी काढून दारात उन्हावर धरायचा आणि भोकं शोधायचा. मी जुन्या लुगड्याचे दोरे काढून सुई घेऊन बसायची. “हितं बघ. हितं येक.” “दिसतंय हो मला.” “टाका बारीक घाल, सांगली. डास काय बैल न्हाई.” त्या हिरव्या जाळीत माझे तांबडे टाके आहेत, निळे आहेत, माझ्या लग्नातल्या शालूचा एक जरीचा धागासुद्धा आहे. तेवढा वेळ आपण दोघं एकाच कापडाला धरून बसलेलो असायचो, तुम्ही त्या टोकाला, मी या टोकाला. माझ्या संसारात मला सगळ्यात जास्त काय मिळालं असं कुणी विचारलं तर मी त्या सकाळी सांगेन. तुम्ही दिलेलं तेवढं मला पुरलं असंही नाही, पण दिलंत हे खरं.

या भादव्यात ताप डोक्यात गेला. कऱ्हाडहून डॉक्टर आणला, त्यानं कोयनेलची सुई टोचली, तुम्ही फौजेतल्या कुणाकुणाला हाका मारत राहिलात. दुपारी जरा शुद्ध आली. मी जाळी वर करून तुमच्या कपाळावर ओला फडका ठेवला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, ओळखलंत, आणि म्हणालात, “लावून घे.” जाळी लावून घे. एवढंच. मी कड खोचली आणि बाहेर स्टुलावर बसले. मावळतीला तुम्ही गेलात. बायकोला शेवटचं सांगायचं ते हे, असं म्हणत मी दहा दिवस तुमच्यावर चिडले होते. मेलेल्या माणसावर चिडायला फार ताकद लागते हो.

आता तेराव्याचं. आपल्याकडे गेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण दान करायची रीत, हे काय मी तुम्हांला सांगायचं. थोरल्या भावजींनी सगळं रीतसर मांडलं. गादी, उशी, घोंगडी, छत्री, काठी, तांब्या, नवा जोडा. आणि वर घडी घालून जाळी. मी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसले होते, हात मोकळे, कपाळ मोकळं. त्या अवस्थेत बाईनं बोलायचं नसतं. पण आतल्या खोलीत शेवंता आदल्या दिवसापासून हुडहुडत पडली होती. तिचे दात वाजलेले मला इथवर ऐकू येत होते.

मी म्हणाले, “जाळी ऱ्हाऊ द्या.”

माझ्या तोंडून त्या दिवशी सांगलीची भाषा आलीच नाही. भावजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी परत म्हणाले, “आवं, बाकी समदं द्या. जाळी देऊ नगा.”

आत्याबाईंना रडू फुटलं. “आगं, मेलेल्याचं अंथरूण घरात ठिवत्यात व्हय? त्येचा जीव अडकंल की त्यात माझ्या लेकराचा!”

“त्ये अंथरूण न्हाई, आत्याबाई. त्ये त्यांचं हत्यार हाय. मामंजी गेलं तवा नांगर दिला का दानात? कुऱ्हाड दिली?”

भावजींचा चेहरा लाल झाला, त्यांनी भटजींकडे बघितलं. भटजी बिचारे म्हणाले, “मला काय, मी अंगणात उघड्यावर झोपणारा माणूस.” तरी भावजी म्हणाले, “रीत ती रीत. डासाचं खूळ त्येच्याबरुबर गेलं.” आणि तेवढ्यात जाऊबाई उठल्या. त्याच, मांडव म्हणून हसलेल्या. सगळ्यांच्या देखत पुढं झाल्या, घडी उचलली, नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या मांडीवर जाळी टाकून म्हणाल्या, “चल, बांध. मला बांधाय येत न्हाई.”

आम्ही दोघींनी तुमच्या खाटेला काठ्या बांधल्या. शेवंताला आत घातलं. आत्याबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, “म्हंजी त्यो आमाला तरास हू नये म्हनून आत जात हुता?” मी म्हटलं, व्हय. त्या तिथेच उंबऱ्यावर बसल्या. त्यांचं ते बसणं तुम्ही बघायला हवं होतं. चारदा सांगायला हवं होतं.

शेवंता आतून रडायला लागली. “काकी, तू बी ये. मला भ्या वाटतंय.” जाऊबाई म्हणाल्या, “आत कुनाला येऊ देत न्हवतं ना भावजी?” मी म्हणाले, “त्ये आता कुठं हायती मला आडवाय?” आणि शिरले. इतके पावसाळे भांडून जिथं जाता आलं नाही तिथं गेले, तर आत तुमचा घामाचा वास होता आणि तुम्ही नव्हता. चारी बाजूंनी कड खोचली, तुम्ही खोचायचा तशीच. पोरीला मधे घेतलं, तापलेलं अंग ते, माझ्या पोटाशी धरून मी कडेला राहिले. आतून बाहेरचं सगळं दिसतं हे खरं आहे. खालची माझी घोंगडी दिसत होती. किती जवळ दिसते हो ती वरून.

सकाळी शेवंताचा ताप उतरला. मी न्हाणीत अंगावर पाणी घेत होते, जाऊबाई पाणी ओतायला आल्या आणि ओरडल्या, “अगं बया! पाठ बघ की तुजी!” चोळीच्या खाली, कमरेपर्यंत, जाळीच्या अंगाला होती ती सगळी बाजू डास चावून उठलेल्या गांधींनी भरली होती. बोट टेकवायला जागा नाही. पोटाकडे एकही नाही, हातांवर नाही. शेवंताच्या अंगावर एकही नाही. फक्त जाळीला टेकलेली पाठ.

मी हसायला लागले. ओल्या लुगड्यानिशी, न्हाणीच्या दगडावर बसून, सुतक नुकतं फिटलेल्या घरात मोठ्यानं हसले. जाऊबाईंनी तांब्या खाली ठेवला आणि माझे खांदे धरले, त्यांना वाटलं माझं डोकं फिरलं. मग त्यांना कळलं की मी हसत नाहीये.

खाट खरंच अरुंद होती हो. तुम्ही निमित्त केलं नव्हतंत. मी लोळले नव्हते, जागची हलले नव्हते, तरी पाठ टेकलीच. आणि ‘लावून घे’ म्हणालात ते मला बाहेर काढायला नव्हे. दोन दिवस पाठ चुरचुरतेय, जाऊबाई चुना लावायला बघतात, मी लावू देत नाही. तुमचं खरं होतं. भांडणात मी हरले, साफ हरले, आणि मला हे पदर पसरून कबूल करायचंय. पण कबूल करायला समोर माणूस लागतं.